पुढील सभेत विचार करण्याचे ठरले

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अमलात येणारा ठराव कसा लिहावा’. त्याकडे येणारच आहे. पण आधी जरा गच्चीवर जाऊन येऊ. घाबरू नका, जिना चढायचा नाहीये. आणि लिफ्टचा विषय कुणी काढू नका, नाहीतर जेवणं इथेच होतील.

समोर बसलेले बहुतेकजण गृहनिर्माण संस्थेचे सभासद असणार. दोनचार चिटणीसही दिसतायत. हातात पिशवी आणि पिशवीत फाईल, लांबूनच कळतं. त्यामुळे वार्षिक सभा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, म्हणून ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यातलं जे कमी असेल ते. दहाची वेळ. साडेदहाला कोरमअभावी सभा तहकूब. मग त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, त्याच अकरा माणसांची सभा पुन्हा सुरू, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. हे नोटिशीतच लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही येणार नाही, हे तुम्हालाच चौदा दिवस आधी लेखी कळवलेलं असतं. आणि सभासदही असे गुणी, की संस्थेचा शब्द खाली पडू देत नाहीत!

या सभेत फाटकाच्या रंगावर पाऊण तास जातो. गच्चीच्या गळतीला पाच मिनिटं. कारण फाटक सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कोबा, म्हणजे गच्चीवर पाणी अडवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, कुणी आतून पाहिलेला नसतो, त्यामुळे तिथे फक्त एकच आकडा समजतो: कोटेशनच्या तळाचा. तीन कोटेशनं येतात, सगळ्यात खालच्यावर बोटं पडतात. ते खालचं का आहे, हे विचारायला वरच्या मजल्यावरच्या काकांखेरीज कुणाला घाई नसते. तेही बिचारे बादली बदलायला मध्येच उठून गेलेले असतात.

तर ते खालचं कोटेशन उघडून पाहू. विटांच्या तुकड्यांचा कोबा हा मुळात उताराचा धंदा आहे. शंभराला एक एवढा उतार हवा. पाणी जायच्या तोंडापासून गच्चीचं दूरचं टोक तीस फुटांवर असेल, तर तिथे कोबा साडेतीन इंच वर उचलायला लागतो. तोंडाशी किमान दोन इंच धरा, म्हणजे टोकाला साडेपाच. स्वस्तवाला म्हणतो, ‘साहेब, सगळीकडे तीन इंचात बसवतो.’ बसवतो खरा! पण उतार गेला. मग पाणी गच्चीवरच मुक्काम करतं आणि फट शोधत बसतं. त्याला वेळच वेळ असतो.

दुसरी काटकसर म्हणजे जुना कोबा न फोडता त्यावर नवा. फोडायचा, राबिट, म्हणजे फोडलेला मलबा, गोण्यांत भरून खाली उतरवायचं, ट्रक करायचा, हा सगळा खर्च वाचतो. पण हिशेब करा. चार इंच जाडीचा कोबा एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, पावणेदोन-दोन टन भरतो. वीस ब्रासची गच्ची असेल तर स्लॅबच्या डोक्यावर आणखी पस्तीस-चाळीस टन. शिवाय दोन थरांमध्ये अडकलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहतं. दिवाळीत गळणारी गच्ची पाहिली असेल तुम्ही, ती बहुधा हीच.

बाकी चुका बारीक, पण नेमक्या तिथेच गळतं. विटांचे तुकडे आधी भिजवले नाहीत तर ते मालातलं पाणी शोषून घेतात आणि कोबा तडकतो. कठड्याच्या कडेची वाटा, म्हणजे गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातली गोलाई, फूटभर तरी वर चढवायची आणि कठड्याच्या गिलाव्यात नीट मिळवायची. नुसती चिकटवली की पहिल्या उन्हाळ्यात सुटते. पाइपाच्या तोंडाशी खोलगट खुरा करायचा. आणि शेवटी पाणी बांधून ठेवायचं: तोंडं बंद करायची, दोनतीन इंच पाणी, अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास, आणि त्या वेळात वरच्या मजल्यावरचं प्रत्येक छत पाहायचं. प्रत्येक म्हणजे कुलूपबंद फ्लॅटचंसुद्धा; किल्ली आधी मागवून ठेवा. कुणाकुणाच्या गच्चीवर केबलवाल्यानं कोब्यात खिळे... बरं, चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’ लिहिलंय. पुसून ‘पाच’ केलंय.

तर ठराव. इतिवृत्तात आपण लिहितो: ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली. पुढील सभेत विचार करण्याचे ठरले.’ कायद्यानं यात काही झालेलंच नाही. घोंगडं भिजत पडलंय, आणि या बाबतीत खरोखरच भिजत. याऐवजी लिहा: कोणतं काम, किती रकमेपर्यंत, कुठल्या निधीतून, कोण करून घेणार, कुठल्या तारखेपर्यंत. सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती. ‘योग्य ती कार्यवाही’ हा शब्दप्रयोग दिसला की तिथेच थांबवा. कुणाची कार्यवाही, ते विचारा.

निधीबद्दल एकच वाक्य. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, किमान ०.२५ टक्के. आणि गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर ती दुरुस्तीही संस्थेच्याच खर्चानं. ‘ज्याचं गळतंय त्यानं करावं’ हे सभेत ठणकावून सांगणारे गृहस्थ बहुधा दुसऱ्या मजल्यावर राहतात.

तारीख उलटी मोजा. मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मध्यम गच्चीला फोडाई, उतार, वरचा थर, आठदहा दिवस पाणी मारणं, मग चाचणी, म्हणजे सव्वा महिना. मे महिन्यात गडी गावाला जातात. त्यामुळे वर्क ऑर्डर फेब्रुवारीत निघायला हवी, आणि कोटेशनं डिसेंबरमध्ये. सप्टेंबरच्या सभेत ‘पुढील सभा’ लिहिलंत तर ती पुढच्या सप्टेंबरला, मध्ये एक अख्खा पावसाळा.

शेवटचा मुद्दा, अध्यक्ष उठायला लागलेत. कंत्राटदाराच्या बिलातली दहा टक्के रक्कम राखून ठेवायची, हे ठरावात लिहा आणि ती कधी सोडायची तेही लिहा. ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं नको, ‘३१ जुलैनंतर, छतांची पाहणी करून’ असं लिहा. कंत्राटदार बिल मे अखेर देतो, आणि मे महिन्यात गच्ची कुणाचीच गळत नाही.