धरणाच्या पोटातले यंत्र : महाराष्ट्रातील भूकंपनोंदीची वाटचाल

(दृश्य : कोयना धरणाची भिंत, खालून वर. मागे शिवसागर जलाशय.)

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ उभी असलेली ही भिंत सुमारे 103 मीटर उंच आणि आठशे मीटरपेक्षा थोडी अधिक लांब आहे. तिच्यामागे साठणाऱ्या पाण्यावर राज्यातील सर्वांत मोठा जलविद्युत प्रकल्प चालतो. भूकंपांचा अभ्यास करण्याची जबाबदारी महाराष्ट्र शासनावर आली ती प्रामुख्याने याच भिंतीमुळे. एरवी भूकंपाची नोंद ठेवणे हे केंद्रीय संस्थांचे काम मानले जाते. राज्याच्या एखाद्या विभागाने स्वतःची भूकंपमापक यंत्रे बसवावीत, ती वर्षानुवर्षे चालू ठेवावीत आणि नोंदींचा अर्थ लावण्यासाठी स्वतंत्र कक्ष राखावा, ही पद्धत देशात सरसकट आढळत नाही. महाराष्ट्रात ती रुजली, आणि हे काम आजही महसूल किंवा मदत व पुनर्वसन विभागाकडे नसून जलसंपदा विभागाकडे आहे, यातच तिच्या जन्माची खूण दिसते.

कोयनेच्या जलाशयात 1961-62 पासून पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात परिसरातील लोकांना जमिनीखालून गडगडाटासारखे आवाज ऐकू येऊ लागले आणि अधूनमधून सौम्य धक्केही जाणवू लागले. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, टणक, हलणे ठाऊक नसलेली भूमी, असा त्या काळी भूशास्त्राचा ठाम समज होता. तरीही प्रकल्पाच्या अभियंत्यांनी हे आवाज कानाआड केले नाहीत, याची नोंद घ्यायला हवी. खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या मदतीने कोयनानगर, महाबळेश्वर, सातारा आणि गोवळकोट येथे भूकंपमापन केंद्रे उभी राहिली. त्यामुळे मोठा भूकंप होण्यापूर्वीच त्या भागात यंत्रे चालू होती. भूकंपाच्या इतिहासात हे भाग्य फार थोड्या ठिकाणांच्या वाट्याला आले आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रे. कोयनानगरमधील पडलेली घरे.)

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. 6.3 तीव्रतेच्या या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांवर जखमी झाली, आणि कोयनानगर वसाहतीतील बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. दोनिचावाडा परिसरात जमिनीला भेगा पडल्या. वीजनिर्मिती थांबल्याने त्याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली.

धरणाच्या पोटातील निरीक्षण मार्गिकेत एक विशेष यंत्र बसवलेले होते. जमिनीच्या हालचालीचा वेग किती झपाट्याने बदलतो, म्हणजेच तिचे त्वरण किती आहे, ते हे यंत्र टिपत असे. त्या पहाटे त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने नोंदवलेले त्वरण गुरुत्वत्वरणाच्या 0.63 पट होते. धरणाच्या आराखड्यात गृहीत धरलेला भूकंपाचा भार मात्र केवळ 0.05 पट होता. या दोन आकड्यांची थेट तुलना करणे शास्त्रीयदृष्ट्या काटेकोर ठरणार नाही, कारण पहिला क्षणभर टिकणारा कमाल हादरा आहे आणि दुसरा आराखड्यासाठी सतत धरलेला भार आहे. तरीही दोहोंतील तफावत पाहून जगभरातील धरण-अभियंते चकित झाले, आणि कोयनेचा तो आलेख पुढे अनेक दशके धरणांच्या भूकंपविश्लेषणासाठी वापरला गेला. धरण कोसळले नाही. भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीवर मात्र तिला आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून भिंतीला मागून काँक्रीटचे आधार देण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, या शतकाच्या पहिल्या दशकात झाले.

(दृश्य : पावसाळ्यातील जलाशय, पातळी दाखवणारी मोजपट्टी.)

पाण्यामुळे भूकंप होतो का, या प्रश्नाचे शास्त्रज्ञांकडून मिळणारे उत्तर लोकांना नेहमीच अपुरे वाटत आले आहे. एवढ्याशा जलाशयाच्या वजनाने काही किलोमीटर जाडीचा खडक तुटत नाही. मात्र जमिनीखालील प्रस्तरभंगावर, म्हणजे खडक ज्या भेगेवर सरकतो तिच्यावर, आधीपासूनच ताण साठलेला असेल आणि तो सुटण्याच्या बेतात असेल, तर भेगांमधून झिरपणाऱ्या पाण्याचा दाब खडकांच्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण कमी करतो आणि तो प्रस्तरभंग सरकतो. थोडक्यात, ताण भूगर्भाचा असतो आणि पाणी निमित्त ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि भूकंपांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. पाणी किती झपाट्याने चढते, किती काळ वरच्या पातळीवर राहते आणि पूर्वीची कमाल पातळी ओलांडते का, या गोष्टींचा धक्क्यांशी संबंध असल्याचे त्यांनी दाखवून दिले. हा अभ्यास शक्य झाला, कारण दोन्ही नोंदी सलग उपलब्ध होत्या. पाण्याची पातळी पाटबंधारे खाते रोज लिहीत होते, आणि धक्के यंत्रे टिपत होती. एखाद्या कार्यालयाच्या कंटाळवाण्या दैनंदिन नोंदवहीला असे शास्त्रीय मोल क्वचितच मिळते.

पुढे वारणा नदीवर चांदोलीचे धरण झाले आणि 1985 नंतर तेथे पाणी साठू लागले. भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले. 1993 च्या डिसेंबरात आणि 1994 च्या फेब्रुवारीत वारणा परिसरात पाच आणि त्याहून अधिक तीव्रतेचे धक्के बसले. साधारण वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब एवढ्या छोट्या पट्ट्यात अर्धशतकाहून अधिक काळ सातत्याने भूकंप होत राहावेत, पाच किंवा अधिक तीव्रतेचे धक्केच वीसपेक्षा जास्त व्हावेत, आणि हे सर्व प्रामुख्याने दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर घडावे, असे दुसरे ठिकाण जगात सापडणे कठीण आहे.

(दृश्य : नाशिक, दिंडोरी रस्त्यावरील संस्थेचे आवार.)

महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था ही राज्याच्या जलसंपदा विभागाची संस्था आहे. नाशिककर तिला ‘मेरी’ या नावाने ओळखतात. माती, काँक्रीट आणि धरणांच्या प्रतिकृतींची चाचणी हे तिचे मूळ काम, पण राज्यातील धरणांच्या परिसरात बसवलेल्या भूकंपमापक यंत्रांच्या नोंदींचे विश्लेषणही याच संस्थेत होते. कळवण, दिंडोरी किंवा पेठ तालुक्यात जमीन हलली की गावकरी आणि वार्ताहर प्रथम मेरीतच चौकशी करतात.

तेथील विश्लेषकाचे काम समजून घेतले तर पुढचा सारा विषय उलगडतो. भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली प्राथमिक लाट वेगवान असते आणि दुय्यम लाट तिच्यामागून येते. दोन्ही लाटा यंत्रावर पोहोचण्यामध्ये जेवढा वेळ जातो, त्यावरून भूकंपाच्या केंद्राचे अंतर काढता येते. ढोबळ हिशेबाने एका सेकंदाचा फरक म्हणजे आठ किलोमीटर. एका यंत्रावरून केवळ अंतर कळते, नेमकी जागा निश्चित करायला किमान तीन ठिकाणच्या यंत्रांच्या नोंदी लागतात. सर्वांत अवघड असते खोली काढणे. धक्का जमिनीखाली पाच किलोमीटरवर झाला की पंधरा, हे खात्रीने सांगायचे असेल, तर निदान एक यंत्र भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ, त्या खोलीएवढ्याच अंतरात असावे लागते. शंभर किलोमीटरवरील उत्तम यंत्रसुद्धा याची भरपाई करू शकत नाही. शिवाय दोनपेक्षा कमी तीव्रतेचे धक्के दूरच्या यंत्राला दिसतही नाहीत, आणि एखाद्या प्रस्तरभंगाचा माग काढायला नेमके हेच बारीक धक्के उपयोगी पडतात. म्हणून राष्ट्रीय जाळे कितीही चांगले असले, तरी स्थानिक जाळ्याची गरज संपत नाही.

कोयनेत हे जाळे होते, कारण तेथे धरण होते. शहापूरजवळच्या भातसा धरण परिसरात 1983 साली पाणी साठत असताना धक्के सुरू झाले आणि सप्टेंबरमध्ये 4.9 तीव्रतेपर्यंत गेले, तेव्हा तेथेही नोंदी घेण्यात आल्या, कारण तेथेही धरण होते. किल्लारीला असे काही नव्हते.

(दृश्य : जुन्या किल्लारी गावठाणाची जागा, दगडी भिंतींचे अवशेष.)

लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासच्या गावांना 1992 च्या उत्तरार्धापासून धक्के जाणवत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चार तीव्रतेच्या आसपासचा धक्का बसला होता. परिसरात कायमस्वरूपी भूकंपमापन केंद्र नसल्यामुळे या धक्क्यांची जागा आणि खोली नेमकी कळली नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी, 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे धाबे असलेली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. यंत्रे आधी असती तर भूकंपाचे भाकीत करता आले असते, असे मात्र कोणी समजू नये. तशी विद्या आजही जगात कोणापाशी नाही. पूर्वसूचक धक्क्यांचा खरा माग लागला असता, तर निदान त्या भागाला सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात ठेवणाऱ्या नकाशावर प्रश्नचिन्ह लागले असते आणि घरांच्या बांधणीकडे कोणाचे तरी लक्ष गेले असते. तो नकाशा 2002 साली बदलला. सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टा रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला.

शासनाच्या कामकाजावर किल्लारीचा परिणाम खोल झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवण्यात आला, राज्याचा आणि जिल्ह्यांचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार झाला आणि मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभा राहिला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीत 617 मीटर खोल विंधनछिद्र घेतले, तेव्हा सुमारे 338 मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली मूळ खडक लागला. वरच्या काळ्या कातळाच्या आवरणाने खालचे जुने प्रस्तरभंग झाकलेले असल्यामुळे, महाराष्ट्रात केवळ भूपृष्ठ पाहून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यामुळे ठसठशीतपणे पुढे आले.

(दृश्य : कराडजवळील हजारमाची येथील प्रयोगशाळा, खडकाचे लांब दंडगोल मांडलेले रॅक.)

याच कारणाने केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात खोल वेधनाचा प्रकल्प हाती घेतला. गोठणे येथील प्रायोगिक विंधनछिद्र 2017 साली तीन किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचले. तेथे काळ्या पाषाणाचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड आहे आणि त्याखाली ग्रॅनाइटसदृश खडक आहे. अन्य काही विंधनछिद्रांमध्ये, जमिनीवरील गोंगाटापासून दूर, खूप खोलवर भूकंपमापक सोडण्यात आले आहेत. नदीचे पाणी, वाहने आणि वारा यांची थरथर तेथे पोहोचत नसल्याने अतिशय बारीक धक्केही स्वच्छ उमटतात. हे काम केंद्राचे असले, तरी धरण आणि जलाशय राज्याचे आहेत, आणि पाण्याच्या पातळीची नोंद राज्याकडूनच येते.

कोयनेत धक्का बसला की ठरावीक साच्याची बातमी येते. तीव्रता इतकी, केंद्र हेळवाक गावाच्या अमुक दिशेला इतक्या किलोमीटरवर, आणि शेवटी धरणाला कोणताही धोका नाही. हे शेवटचे वाक्य केवळ धीर देण्यासाठी नसते. धरणाच्या पोटातील मार्गिकेतून फिरून गळती मोजणे आणि भिंत कलली आहे का ते तपासणे, ही कामे त्यामागे असतात. घरांच्या बाबतीत असे वाक्य कोणालाही उच्चारता येत नाही, कारण त्यांची तशी तपासणी होत नाही. यंत्रणा धरणासाठी जन्मली आणि तिची नजर धरणावरच खिळून राहिली, हे तिचे बळही आहे आणि उणीवही.

(दृश्य : डहाणू तालुक्यातील पाडे, घरांसमोर ताडपत्रीचे निवारे.)

नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांत धुंदलवाडीच्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. पुढील फेब्रुवारीत एका धक्क्याची तीव्रता चारच्या वर गेली. लोक रात्री घराबाहेर झोपू लागले, शाळांचे वर्ग उघड्यावर भरले, प्रशासनाने तंबू दिले. यंत्रे त्यानंतर आली. हैदराबाद आणि दिल्लीच्या केंद्रीय संस्थांनी तात्पुरती केंद्रे उभारल्यावर धक्क्यांच्या जागा स्पष्ट होऊ लागल्या.

हिंगोली जिल्ह्यातही याचीच पुनरावृत्ती दिसते. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कित्येक वर्षे जमिनीतून गूढ आवाज येत असल्याच्या तक्रारी होत्या. त्या बऱ्याच काळ कुतूहलाच्या बातम्या म्हणूनच छापल्या गेल्या. 21 मार्च 2024 आणि 10 जुलै 2024 रोजी जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा नांदेड आणि परभणीपर्यंत लोक घराबाहेर पडले. उथळ भूकंपात अगदी लहान धक्क्याचाही आवाज येतो, हे कोयनेने 1962 सालीच दाखवले होते. पांगरा शिंदेचे आवाज किती खोलीवरून येतात आणि ते एकाच प्रस्तरभंगावर रांगेत येतात की विखुरलेले असतात, हे नांदेडच्या विद्यापीठातील किंवा नाशिकच्या एकट्यादुकट्या यंत्रावरून ठरणार नाही. त्यासाठी वसमत, औंढा आणि कळमनुरी या तालुक्यांत, आवाज येणाऱ्या गावांच्या आसपासच, किमान तीन-चार यंत्रे काही वर्षे सलग चालवावी लागतील, मग त्या परिसरात मोठे धरण असो वा नसो.