कोरा चौकोन

मित्रहो, धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर मी रेशन दुकानाबाहेर तासभर बसलो होतो. दुकानदार अंगठ्याचं मशीन हातात घेऊन रेंज शोधत आधी मोहाच्या झाडाखाली गेला, मग पलीकडच्या टेकाडावर. रांग त्याच्या मागे मागे. एका आजींचा अंगठा चौथ्या खेपेला लागला. घरी येऊन मोबाइल कंपनीचा नकाशा पाहिला, तर तो सगळा डोंगर रेंज असल्याच्या रंगात रंगवलेला!

हा रंग बहुतेक वेळा गणितातून येतो. टॉवर किती उंच, लहरी कोणत्या, मधे डोंगर किती, यावरून बांधलेला तो अंदाज असतो. अमेरिकेतही बरीच वर्षं जनगणनेसाठी पाडलेल्या जमिनीच्या एका गटात एका घराला जोडणी देता येत असली, की अख्ख्या गटाला सेवा पोचली असं धरत. म्हणून लोकांनी स्वतः मोजलेले आकडे मला मोलाचे वाटतात.

तुम्ही फोनवर स्पीडटेस्ट करता ना? ती चालवणारी ऊक्ला कंपनी २०१९ पासूनची आकडेवारी दर तिमाहीला खुली करते. जमिनीचे चौकोन पाडलेले असतात. आपल्या अक्षांशावर एकेक बाजू साधारण ५७० मीटर, म्हणजे चालत सात-आठ मिनिटं. प्रत्येक चौकोनात डाउनलोड आणि अपलोडचा सरासरी वेग, लेटन्सी (म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ), चाचण्या किती झाल्या आणि किती उपकरणांवरून झाल्या, एवढंच. कुणाचं नाव नाही. मोबाइलचा संच वेगळा, घरगुती जोडणीचा वेगळा. व्यापारासाठी नको असेल तर कुणीही वापरावा.

वेगाआधी चाचण्यांचा आकडा बघा, एवढं माझं ऐका. एका उपकरणावरून दोन चाचण्या झाल्या असतील, तर ती गावाची सरासरी नव्हे. कुण्या एकाच्या हातातला तो फोन आहे.

आणि कोरा चौकोन? तिथे रान असेल, नाहीतर माणसं असून रेंज नसेल. चाचणीचा निकाल वर पाठवायलाही नेटच लागतं. फसलेली चाचणी सरासरीत येतच नाही. विहिरीवर पोचलेल्यांची गणती करून गावात पाणी आहे म्हणावं, तसं हे होतं. म्हणून या चौकोनांवर २०११च्या जनगणनेची गावं ठेवून बघा. वस्ती आहे आणि चाचणी एकही नाही, अशा जागा वेगळ्या काढा. मला त्याच जागांची काळजी आहे.

भारतनेट या सरकारी योजनेचं काम २०११ साली मंजूर झालं, ते ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्यासाठी. पण अक्राणीत, म्हणजे धडगावच्याच तालुक्यात, एका ग्रामपंचायतीचे पाडे डोंगराडोंगरांवर विखुरलेले असतात. पंचायतीच्या खोलीत नेटचा दिवा लागला म्हणून पाड्यावरच्या पोराचा फॉर्म भरला जात नाही. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो. आधी ५१२ केबीपीएसवर भागायचं. ते २ एमबीपीएस मोजायचे कुठे, खोलीत की पाड्यावर? मी म्हणतो, पाड्यावर.

तेव्हा नकाशाच्या जोडीला एक वही ठेवा. सकाळी, दुपारी, रात्री चाचणी करा. ठिकाण आणि वेळ लिहा. फसली तर तेही लिहा, कारण ते दुसरीकडे कुठेच लिहिलं जाणार नाही. माझ्या वहीतली पहिली नोंद रेशन दुकानाची आहे: सकाळी साडेदहा, खेपा चार, तीन वाया.