काळीवरचं अंगण

मंडळी, अंगणात फरशी टाकायची म्हटलं की आपल्या खानदेशात पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, कितला पैसा लागतीन?" साइटवर पंचवीस वर्षं मी तो ऐकतोय, आणि दरवेळी उलट विचारतोय, घर काळीत आहे की पांढरीत?

जुन्या लोकांनी शेतीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हटलं ते उगाच नाही. गाव वसलं पांढरीवर. धाब्याच्या घरापुढचं अंगण शेणानं सारवलं, फार तर ओट्याला चार शहाबादी फरश्या बसवल्या, की दोन पिढ्या निघायच्या. आता आपण घरं बांधतो एन. ए. प्लॉटवर. म्हणजे कालपर्यंत जिथे कपाशी उभी होती तिथे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात अशी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर बसवलेली फरशी दरसाल वरखाली होणारच.

हे मी घरीच भोगलंय. कामाला नवा होतो. ठेकेदारानं माती नुसती सारखी केली, दोन इंच वाळू अंथरली आणि वर पॉलिशचा कोटा दगड बसवला. दिवाळीला अंगण आरशासारखं! पुढच्या श्रावणात फाटकाजवळची फरशी अंगठाभर वर आली आणि लोखंडी फाटक तिला घासून अडकलं. आई कानबाईच्या सणाच्या रोटांचं सामान घेऊन बाहेर उभी, मी आतून फाटक ओढतोय. शेवटी सगळं उखडलं. कोटा काढताना फुटतो, त्यामुळे फरशीचा पैसाही पाण्यात गेला.

तेव्हा खर्चाचा हिशेब खालून वर करा. अंगण 20 बाय 15 धरू, म्हणजे 300 चौरस फूट. काळीत किमान फूटभर खोदाई हवी. ती झाली 3 ब्रास, म्हणजे 300 घनफूट माती, आणि मोकळी झाली की ट्रॅक्टरमध्ये ती त्याहून जास्त भरते. त्या जागी 9 इंच दाबलेला मुरूम हवा असेल तर जवळजवळ 3 ब्रास मुरूम मागवावा लागतो. तो एकदम ओतून चालत नाही. चार-चार इंचांचा थर, पाणी, हातानं ठोकायचं धुम्मस किंवा दाबायचं मशीन (कॉम्पॅक्टर), मग पुढचा थर. त्यावर 4 इंच काँक्रीट घातलं तर ते बरोबर 1 ब्रास होतं. एकास चार आठच्या मालाला, म्हणजे एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी, सिमेंटच्या साधारण 10 गोण्या. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, तेवढा हात हलका झाला आहे. आणि एक सांभाळा. फरशीवाल्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, मुरूमवाल्याचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. कोटेशन घेताना हे दोन्ही एकाच कागदावर येतात आणि माणूस गोंधळतो.

आता एकाच खानदेशात दर वेगळा का? साक्रीकडे, डोंगराच्या बाजूला, हातभर खोदलं की मुरूम लागतो. तिथे खोदलेलाच माल भरावाला येतो. यावल-रावेरला तापीकाठी कितीही खोदा, मातीखाली मातीच. तिथे मुरूम, खडी सगळं गाडीनं आणायचं, म्हणजे मालापेक्षा भाडं मोठं. वरच्या दगडाचंही तेच. शहाबादी येते सोलापूरच्या पलीकडून, कर्नाटकातून, कोटा राजस्थानातून. आपला स्वतःचा दगड काळा, कठीण. खडीला उत्तम, पण त्याची पातळ फरशी निघत नाही.

काळीत काय बसवावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पेव्हर ब्लॉक, म्हणजे काँक्रीटचे सुटे ठोकळे. माणसांच्या वावराला 60 मिलिमीटर, चारचाकी उभी राहणार असेल तर 80. कडेनं काँक्रीटचा कर्ब, म्हणजे घट्ट काठ, हवाच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. खालच्या बिछान्याला क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालते. जमीन हललीच तर तेवढेच ब्लॉक काढून, खालचं सारखं करून पुन्हा बसवता येतात. काँक्रीटला तडा गेला की तो तसाच राहतो. तरी काँक्रीटच हवं असेल तर दर आठ-दहा फुटांवर सांधा सोडून घ्या.

रंग मात्र फिका निवडा. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. गडद ब्लॉक दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. आपण त्याच अंगणात खाटा टाकतो, ज्वारीच्या बिबड्या वाळवतो. दिवसा बिबड्यांना ऊन चालेल, पण रात्री त्याच धगीवर खाट टाकायची आहे. लहान लेकरं अनवाणी पळतात, तेही मनात ठेवा.

काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. दिवाळीनंतर मजूर कापूस वेचायला जातात, मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी चढलेली असते. मे महिन्यात काँक्रीटवर पाणी टिकत नाही, आणि फाटलेल्या जमिनीवर भराव केला तर आषाढात सगळं फुगतं.

उताराला खर्च काहीच नाही, फक्त लक्ष लागतं. दहा फुटांना दीड इंच, घराकडून बाहेर. भिंतीच्या पायाशी पाणी मुरलं तर काळी आधी तुमचा पायाच उचलेल. वर्षाचा पाऊस 650 मिलिमीटर धरला तर एवढ्याशा अंगणावर 18 हजार लिटर पाणी पडतं. ते गटारात घालवू नका. यावल-रावेरकडे बोअर किती खोल चाललेत हे तुम्हीच मला सांगता. घरापासून लांबच्या कोपऱ्यात शोषखड्डा घ्या, एक पट्टा मातीचा ठेवा आणि तिथे कडुनिंब लावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका बांधायला फांदी लागतेच.