नऊ खासदार, दोन राष्ट्रभाषा

फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या पार्गास गावाचे नाव तिथल्या पाट्यांवर दोनदा लिहिलेले असते: वर स्वीडिश 'पार्गास', खाली फिनिश 'पाराइनेन'. जवळच्याच तुर्कू शहरात हा क्रम उलटतो. तिथे 'तुर्कू' वर येते आणि स्वीडिश 'ओबो' खाली जाते. कोणती भाषा वर लिहायची, हे त्या ठिकाणी बहुसंख्य कोण आहेत यावर ठरते, आणि दुसरी भाषा लिहायची की नाही, हे कायदा ठरवतो. अल्पसंख्य भाषेचे लोक किमान 8 टक्के किंवा किमान 3000 असतील, तर ती नगरपालिका द्विभाषिक मानली जाते. हेलसिंकी आणि तुर्कू येथे स्वीडिश भाषकांचे प्रमाण 8 टक्क्यांपेक्षा कमी असले, तरी 3000 चा निकष ती शहरे सहज ओलांडतात आणि म्हणून द्विभाषिक राहतात. कायद्यातल्या अशा तरतुदींवर डोळ्यांत तेल घालून पहारा देणारा पक्ष फिनलंडमध्ये 1906 पासून आहे. त्याचे नाव स्वीडिश पीपल्स पार्टी.

फिनलंड 1809 पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता आणि पुढे 1917 पर्यंत रशियन साम्राज्यात होता. राज्यकर्ते बदलले, तरी सरकारी कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यापीठ यांचा कारभार दीर्घकाळ स्वीडिशमध्येच चालत राहिला. सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांच्या जुन्या विधानसभेत पहिल्या आणि तिसऱ्या वर्गावर स्वीडिश भाषकांची पकड होती. 1906 मध्ये ही व्यवस्था मोडून 200 जागांची एकसभागृही संसद आली, स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळाला, आणि वंशपरंपरेने आलेल्या वजनापेक्षा डोकी मोजण्याला महत्त्व आले. त्याच वर्षी आक्सेल लिले यांच्या नेतृत्वाखाली हा पक्ष उभा राहिला. जमीनदार, प्राध्यापक, पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी आणि बेटांवरचे मच्छीमार यांना एरवी एकत्र आणणारे काहीच नव्हते. भाषेने त्यांना एका छत्राखाली आणले. 1907 च्या निवडणुकीत पक्षाने 24 जागा जिंकल्या.

स्वातंत्र्यानंतर 1919 च्या राज्यघटनेने फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही भाषांना राष्ट्रभाषेचा दर्जा दिला आणि 1922 च्या भाषा कायद्याने त्याला व्यवहाराची चौकट दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश भाषक लोकसंख्येच्या सुमारे 13 टक्के होते. आज ते 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तीन लाखांहून थोडे कमी आहेत. 2023 मध्ये पक्षाला सुमारे 4.3 टक्के मते आणि 9 जागा मिळाल्या, आणि स्वायत्त ओलंड बेटांचा एकमेव खासदार प्रथेप्रमाणे त्याच्याच संसदीय गटात बसतो.

एवढ्याशा बळावर हा पक्ष 1979 पासून 2015 पर्यंत सलग सरकारात राहिला. पंतप्रधान कधी समाजवादी असत, कधी उजवे, कधी मध्यममार्गी, पण मंत्रिमंडळात या पक्षाची खुर्ची कायम असे. टीकाकार याला सत्तेची हाव म्हणतात आणि ती टीका पूर्णपणे निराधार नाही. मात्र, ज्या पक्षाला स्वबळावर कधीच बहुमत मिळणार नाही, त्याला भाषेच्या प्रश्नावर अडून बसण्यासाठी बाकीच्या बहुतेक प्रश्नांवर लवचीक राहावेच लागते. भाषेच्या कुंपणाबाहेरही त्याचा प्रभाव पडला आहे: याच पक्षाच्या एलिझाबेथ रेन 1990 मध्ये फिनलंडच्या पहिल्या महिला संरक्षणमंत्री झाल्या आणि 1994 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचून मार्टी आहतिसारी यांच्याकडून थोडक्यात हरल्या.

या लवचिकतेची खरी कसोटी 2023 मध्ये लागली. पंतप्रधान पेट्टेरी ओर्पो यांच्या आघाडीत या पक्षाला फिन्स पार्टीच्या शेजारी बसावे लागले. फिनिश शाळांमध्ये स्वीडिश सक्तीची असू नये, ही फिन्स पार्टीची जुनी मागणी आहे आणि स्थलांतरितांविषयीची तिची भूमिका या पक्षाच्या उदारमतवादी मतदारांना रुचणारी नाही. सरकार स्थापन होताच फिन्स पार्टीचे अर्थव्यवहारमंत्री विल्हेल्म युन्निला यांच्या जुन्या वक्तव्यांवरून वादळ उठले, आणि अविश्वास ठरावाच्या वेळी स्वीडिश पीपल्स पार्टीच्या अनेक खासदारांनी आपल्याच सरकारातल्या मंत्र्याविरुद्ध मत दिले. ठराव फेटाळला गेला, तरी युन्निला यांनी दोनच दिवसांत राजीनामा दिला. पक्षाने मात्र आघाडी सोडली नाही. वाटाघाटीत त्याने शिक्षण खाते आपल्याकडे घेतले होते. ते आधी आन्ना-माया हेन्रिकसन यांनी सांभाळले आणि 2024 मध्ये आंडर्स आडलेरक्रॉइट्स यांच्याकडे आले. फिनिश शाळांतल्या सक्तीच्या स्वीडिशचा विषय त्याच खात्यात येतो.