पीएमपीची सवय आणि पीजीएमपीचा अर्ज

तुमच्यापैकी बरेच जण पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांची परीक्षा, पास झालेले आहात, म्हणून आधीच सांगून टाकतो. पीजीएमपीच्या, म्हणजे प्रोग्रॅम मॅनेजरांच्या परीक्षेच्या, तयारीत सगळ्यात जास्त आडवी येते ती पीएमपीची सवय.

एक प्रसंग घ्या. रुग्णालयात रुग्णांचा ताटकळण्याचा वेळ कमी करायचा आहे. त्यासाठी तीन प्रोजेक्ट एका प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एकाच उद्देशासाठी एकत्र चालवलेल्या गटात, आणलेत: नोंदणीचं सॉफ्टवेअर, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि बाह्यरुग्ण विभागाची फेररचना. सॉफ्टवेअरचं काम वेळेत आहे, बजेटमध्ये आहे. मध्येच संस्था ठरवते की नोंदणी बाहेरच्या सेवेकडे सोपवायची. आता? आपल्यातला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, एवढं छान चाललंय, उरकून टाकू. प्रोग्रॅम मॅनेजरने मात्र रोडमॅप, म्हणजे प्रोग्रॅमचा एकूण आराखडा, उघडायचा, अपेक्षित लाभ पुन्हा तपासायचे आणि गरज वाटली तर हा धडधाकट प्रोजेक्ट बंद करण्याची शिफारस गव्हर्नन्स बोर्डापुढे, म्हणजे प्रोग्रॅमवर देखरेख करणाऱ्या मंडळापुढे, ठेवायची. शिफारस, बरं का. परस्पर टाळं ठोकायचं नाही. मॉक टेस्टमध्ये मी स्वतः इथेच घसरत होतो: कधी प्रोजेक्ट वाचवायचो, कधी बोर्डाला न विचारता बुडवायचो.

पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेची पीजीएमपी ही परीक्षा २००७ पासून आहे. चार तास, १७० प्रश्न. त्यातले २० गुणांत धरत नाहीत, पण ते कोणते हे सांगत नाहीत, तेव्हा त्या हिशेबात पडू नका. लाइफ सायकलला, म्हणजे प्रोग्रॅम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवण्याच्या भागाला, ४४ टक्के भार, बेनिफिट्सला, म्हणजे लाभांच्या भागाला, ११. हे आकडे पाहून लोक बेनिफिट्सचा भाग चाळून सोडतात. वेडेपणा आहे. लाइफ सायकलच्या प्रश्नातही मुळात लाभाचंच कोडं दडलेलं असतं.

पण परीक्षेच्या आधी अर्ज आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी तिथे लागते. पदवीधराला पीएमपी किंवा चार वर्षांचा प्रोजेक्टचा अनुभव, शिवाय चार वर्षांचा प्रोग्रॅमचा अनुभव दाखवावा लागतो, तोही गेल्या पंधरा वर्षांतला. तो अनुभव शब्दांत मांडायचा आणि प्रोग्रॅम मॅनेजरांचं पॅनेल ते वाचणार. बायोडेटातली वाक्यं इथे चिकटवून भागत नाही.

माझा पहिला मसुदा मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवला. 'पाच प्रोजेक्ट वेळेत पूर्ण केले', 'चाळीस जणांच्या टीमचं नेतृत्व केलं', असा सगळा थाट होता. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहिला: 'मग संस्थेत काय बदललं?' मी उत्तरं शोधायला बसलो. दोन आठवडे लागले. जुने अहवाल उघडले, तेव्हाच्या प्रायोजकांना फोन केले. ज्यांना मी चार वर्षं प्रोग्रॅम म्हणत होतो, त्यातला एक तर नुसता मोठा प्रोजेक्ट निघाला. तो अर्जातून काढला आणि अनुभवाचे महिने पुन्हा मोजायला घेतले.