दुसरी प्रत चालू आहे ना?
(जळगाव येथे सिस्टीम अ‍ॅडमिन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पतसंस्था, दवाखाने, जिनिंग-प्रेसिंग अशा ठिकाणचे सर्व्हर सांभाळणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. व्हीएमवेअरच्या फॉल्ट टॉलरन्स या सोयीत एका व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची, जिवंत प्रत दुसऱ्या होस्टवर, म्हणजे दुसऱ्या प्रत्यक्ष सर्व्हरवर, सतत चालू असते. हाय अव्हेलेबिलिटी या त्यांच्याच दुसऱ्या सोयीत होस्ट बंद पडला की मशीन दुसरीकडे नव्याने सुरू होते, म्हणजे मध्ये खंड पडतोच. फॉल्ट टॉलरन्समध्ये प्रत तिथल्या तिथे सूत्रे हाती घेते आणि काउंटरवरच्या माणसाला काही कळतही नाही.

हे न कळणंच मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडे केळीच्या बागेला दोन मोटारी ठेवणारे शेतकरी आहेत. एक जळाली तरी दुसरीवर पाणी चालू राहतं, मग जळालेली दुरुस्तीला न्यायचं राहून जातं आणि ऐन मे महिन्यात दुसरीही बसते. सर्व्हरचं तसंच होतं. पहिला होस्ट गेला, प्रतीने काम उचललं, पण नवी प्रत उभी करायला जागा नसली तर मशीन एकटंच धावत राहतं. पिंगला, म्हणजे ‘जागा आहेस का’ या नेटवर्कवरच्या हाकेला, उत्तर मिळतं, वेबपेज उघडतं, डॅशबोर्ड हिरवा असतो.

आता ऑटो-डिस्कव्हरी. झॅबिक्ससारखी सर्व्हरवर लक्ष ठेवणारी साधनं मशीन स्वतःच शोधून यादीत घालतात. पण शोधायचं कुठून? नेटवर्क स्कॅनला एकच मशीन दिसतं, कारण दोन्हींच्या आतलं नाव, आयपी, मॅक सगळं तेच आणि दुय्यम प्रत बाहेर काही बोलतच नाही. मशीनच्या आत बसवलेल्या एजंटलाही, म्हणजे माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमलाही, आपण मुख्य की दुय्यम हे सांगता येत नाही. खरी माहिती व्हीसेंटरकडे, म्हणजे सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या मध्यवर्ती सॉफ्टवेअरकडे, असते. म्हणून डिस्कव्हरी व्हीसेंटरच्या एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला माहिती विचारायची सोय) करा आणि प्रत्येक मशीनची फॉल्ट टॉलरन्स स्थिती व भूमिका वाचा. स्थिती ‘रनिंग’ असेल तर जोडी शाबूत आहे. ‘नीड सेकंडरी’ असेल तर मशीन चालू आहे, पण संरक्षण संपलेलं आहे. ही अवस्था काही मिनिटांपेक्षा जास्त टिकली तर मोबाइलवर अलार्म यायलाच हवा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

काही जण नावावरून जुळवणी करतात. मग दोन मशीन एकच धरली जातात किंवा दुय्यम प्रत नको म्हणून फिल्टरने गाळली जाते. गाळू नका. फॉल्ट टॉलरन्स लावलेल्या मशीनची सगळी मेमरी राखीव होते आणि तेवढीच मेमरी प्रतीच्या होस्टवरही जाते. ती हिशेबात नसेल तर होस्टवर जागा आहे असं वाटतं, आणि नवी प्रत उभी करायच्या वेळीच ती नसते. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, डिस्कचीही वेगळी प्रत असते, तेव्हा स्टोरेजही दुप्पट धरा. फॉल्ट टॉलरन्सचं लॉगिंग, म्हणजे मुख्य मशीनमधले बदल प्रतीकडे पोचवणारी वाहतूक, जाणारं नेटवर्कही मोजत राहा. तिथे दहा गिगाबिटची शिफारस आहे ती उगाच नाही. ते तुंबलं तर मुख्य मशीनही मंदावतं.

आणखी एक सांगतो, कारण ते कुठल्याच साधनाच्या यादीत येत नाही. दोन प्रती दोन होस्टवर असतात, पण दोन्ही होस्ट एकाच यूपीएसवर, एकाच एसीखाली असतील तर? जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा खोलीचा एसी बंद पडला की दोघांनाही सारखाच ताप. सर्व्हर रूमचं तापमान याच डॅशबोर्डवर आणा. आणि ऑपरेटिंग सिस्टीम किंवा डेटाबेस आतूनच बिघडला, तर तो बिघाड प्रतीतही उतरतो. म्हणून बॅकअप वेगळा आणि सेवेची आतली तपासणीही वेगळी हवी.

अलार्म बसवून झाला की व्हीसेंटरमधला ‘टेस्ट फेलओव्हर’, म्हणजे काम मुद्दाम प्रतीकडे सोपवून पाहण्याची चाचणी, वापरा. कामकाज संपल्यावर, दिवसअखेरचं काम उरकून, तो चालवा आणि तीन गोष्टी पाहा: भूमिका बदललेली डिस्कव्हरीने पकडली का, नवी प्रत तयार होईपर्यंतचा काळ नोंदला गेला का, आणि ज्याच्या मोबाइलवर संदेश जायला हवा त्याच्याच मोबाइलवर तो गेला का.