शिंकं, बोका आणि दोन गल्ले

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी माझी ओळख ‘समाजसेविका’ अशी करून दिली. मंडळी, मी एकतीस वर्षं बँकेत कॅश काउंटरला होते. समाजाची सेवा त्या जाळीच्या आतून जेवढी होईल तेवढी केली. तुम्हीही तिच्याबद्दल तक्रारवहीत लिहिलंत. पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, ‘परदेशी कारागिरांच्या वस्तूंची विक्री आणि समाजकार्यासाठी निधी’. मला त्यातलं एकच सांगायचंय. एका गल्ल्यात दोन हिशोब ठेवले की संध्याकाळी कॅश जुळत नाही.

सुरुवात १९४६ पासून करते. पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅक्रन गावच्या एडना रूथ बायलर नावाच्या बाई पोर्तो रिकोला गेल्या. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या. म्हणजे युद्ध नको म्हणणारी, साधी राहणारी माणसं. तिथे पंथाच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या शिवणवर्गात बायका सुरेख कशिदा काढत होत्या. हातात कला होती, गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी ते कापड घरी आणलं आणि मैत्रिणींना विकलं. मग गाडीच्या डिकीत माल भरून फिरायला लागल्या. आपल्याकडे गाठोडं घेऊन दुपारी साडीवाला यायचा ना, अगदी तसं. पुढे त्यात पॅलेस्टिनी निर्वासित बायकांचं भरतकाम आलं, हैतीचं लाकूडकाम आलं, घराचं तळघर भरलं. १९७० पर्यंत त्यांनी हा व्याप सांभाळला. १९९६ साली त्याचं नाव ठेवलं ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’. प्रेरणा गांधीजींची. भारत शहरांत नाही, सात लाख खेड्यांत आहे, असं ते म्हणायचे. सात लाखांची दहा हजार कशी झाली, हे मला विचारू नका. आमच्या शाखेत एवढी घट आली असती तर माझी पेन्शन गेली असती.

(हशा. मागच्या रांगेत उशिरा पोचला, चालेल.)

आता माझी गोष्ट. सात वर्षांपूर्वी मुलीकडे पेनसिल्व्हेनियात होते. डिसेंबर. बाहेर बर्फ, घरात मी आणि डिशवॉशर. शेजारच्या आजी मला त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. नाताळापूर्वीची विक्री होती. केनियाच्या दगडी वाट्या, पेरूचे लोकरी मोजे, आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेलं, काय असावं? शिंकं! तागाचं, चार पेडांची वेणी, खाली गाठ मारलेलं कडं. आमच्या आजोळी स्वयंपाकघराच्या तुळईला होतं तसंच. फक्त इथे त्यात लोण्याच्या मडक्याऐवजी प्लास्टिकची फर्न होती.

मी त्या आजींना म्हटलं, हे मांजरासाठी असतं. त्या घाबरल्या. त्यांना वाटलं आम्ही मांजर टांगतो. मग मी कृष्णापासून सुरुवात केली, गोविंदा, थर, हंडी. त्यांना फार आवडलं. शेवटी विचारलं, चोरी करणाऱ्याची तुम्ही पूजा करता? काय उत्तर देणार!

चिठ्ठीवर लिहिलं होतं, बांगलादेश. घरी येऊन वाचत बसले. १९७१ च्या युद्धात तिथे कितीतरी बायका विधवा झाल्या, निराधार झाल्या. ताग मुबलक. आपण शिंकं म्हणतो, त्याला बंगालीत शिका म्हणतात. घराघरात बायकांना विणता यायचं, शिकवायची गरज नव्हती. १९७३ मध्ये ‘जूट वर्क्स’ सुरू झाली आणि हीच शिकी परदेशात जाऊ लागली. सत्तरच्या दशकात तिकडे घरात कुंड्या टांगायची टूम होती. ती ओसरली तेव्हा फटका कुणाला? विणणारीला. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं म्हणतात. इथे शिंकं शाबूत राहिलं आणि गिऱ्हाईकच गेलं.

त्या हॉलमधली पद्धत मला पटली. चर्चने माल अशाच एका विक्री करणाऱ्या संस्थेकडून आणलेला, न विकलेला परत जाणार. विक्रीतला ठरलेला हिस्सा चर्चला, गावातल्या बेघरांच्या निवाऱ्याची हीटिंग दुरुस्त करायला. भिंतीवर कागद होता. विणणारीचे पैसे आधीच पोचलेत, निवाऱ्याचा हिस्सा एवढा. दोन आकडे, वेगळे.

मी उत्साहाने परतले आणि इथे एका मंडळाला म्हटलं, आपणही करू. नाव घेत नाही, निम्मे सदस्य पहिल्या दोन रांगांत आहेत. पालघरकडच्या एका बुरुडाकडून साठ टोपल्या आणल्या, विकून एका वसतिगृहाला पाण्याची टाकी द्यायची. समितीत कुणीतरी म्हणालं, चांगल्या कामासाठी आहे, त्याला भाव कमी करायला सांगा. त्याने केला. मग म्हणाले, पैसे विक्रीनंतर देऊ. टोपल्या दोन दिवसांत संपल्या. टाकी बसली, फीत कापली, फोटो आला. चार महिन्यांनी त्याचा मला फोन. ‘ताई, टाकी बसली का?’ म्हटलं, बसली की. ‘पाणी येतं?’ म्हटलं, येतं. मग जरा थांबून म्हणाला, ‘मग आता माझं बघता का?’

मी माझ्या खात्यातून दिले. मंडळी, त्या टाकीचा सर्वात मोठा देणगीदार तो बुरूड होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि टाकीवर नाव तिसऱ्याच माणसाचं आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तीन केलीत? बरं, पळते.

एक, दान समजून-उमजून दिलेलं असावं. १९४९ मध्ये युनिसेफने पहिलं शुभेच्छापत्र काढलं, ते चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. तिने ते आभार म्हणून पाठवलं होतं. ते दान. टोपली दान नव्हती. दोन, उचल. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेचा, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या संघटनेचा, नियमच आहे, हस्तकलेच्या ऑर्डरीवर कारागिराने मागितली तर निम्मी रक्कम आधी. बांबू उधारीवर मिळत नाही. तीन, टूम. ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेने १९६५ मध्ये ‘हेल्पिंग बाय सेलिंग’ ही योजना काढली, म्हणजे विकून मदत. पण एकाच वस्तूवर गाव उभं केलं की टूम गेल्यावर गाव बसतं, त्यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. चार, मुंबईत अंधेरीच्या वस्त्यांमधल्या बायका १९८४ पासून ‘क्रिएटिव्ह हॅन्डिक्राफ्ट्स’मध्ये शिवतात, माल युरोपात जातो. म्हणजे तिकडच्या चर्चच्या हॉलमधल्या ‘परदेशी कारागीर’ आपल्या अंधेरीच्या! कोल्हापुरीसारखीच चप्पल २०२५ साली मिलानमध्ये प्राडाने कोल्हापूरचं नाव न घेता दाखवली, ते तर तुम्हाला माहीतच आहे, ते राहू दे.

हो, थांबते. बाहेर टेबलावर बारा शिंकी आहेत. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर दोन आकडे आहेत, वरचा विणणारीचा, तो मी गेल्या महिन्यातच दिलाय. खालचा आपल्या ग्रंथालयाच्या छपराचा. घासाघीस करायची तर खालच्या आकड्यावर करा, समोर अध्यक्ष बसलेत. आणि सुट्टे आणा, मी आता काउंटरला नाही.